हिशेब बाकी ठेवून कसं बसू?

मैत्रिणींनो, ‘चारित्र्य’ हा शब्द आपल्या गावात कधी ऐकू येतो ते आठवून बघा. पोरगी रात्री उशिरा क्लासवरून आली की. नवऱ्याने सोडलेली बाई रंगीत साडी नेसली की. नाहीतर नोकरी लागल्यावर पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा दाखला आणायचा असतो तेव्हा! पुरुषाने दुसऱ्याची धुऱ्याची जमीन खाल्ली, दुकानदाराने मापात मारलं, तर त्याला आपण ‘चालू आहे’ म्हणतो, त्याचं ‘चारित्र्य’ काढत नाही. मीही या शब्दाचा अर्थ असाच धरत आले होते. तो बदलला आमच्या गल्लीतल्या सिस्टरमुळे.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. घर ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून. सारी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. मी भंडाऱ्यात लग्न होऊन आले तेव्हा ख्रिस्ती लोकांबद्दल मला माहीत काय होतं? नाताळचा केक आणि मिशनचा दवाखाना. त्यांच्याकडे पेटी-तबल्यावर भजन चालतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एकादशीचंच चालू आहे. नंतर कळलं, ती भजनं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची.

टिळक म्हटलं की बी. ए. ला मराठी घेतलेल्या माझ्यासारखीला ‘स्मृतिचित्रे’ आठवतं. लक्ष्मीबाई टिळकांचं. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. पण परीक्षेसाठी वाचलेलं पुस्तक आणि घरात अडचण आल्यावर उघडलेलं पुस्तक यांत फरक असतो. तो फरक सांगायलाच आज लिहितेय.

आमच्या बचत गटात आम्ही चौदाजणी. महिन्याला शंभर रुपये, आतल्या कर्जाला दरमहा दोन टक्के व्याज. सचिव मी, कारण शिकलेली मी. दर पाच तारखेला बैठक, दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत. एका वर्षी जूनमध्ये मुलाच्या प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख आली आणि ह्यांचा पगार झाला नव्हता. गटाचे चार हजार कपाटात होते. त्यातले अडीच हजार मी उचलले. म्हटलं, पगार झाला की भरू, कुणाचं काय जातंय? भरलेही. पण एकोणीस तारखेला. आणि रजिस्टरमध्ये तारीख लिहिली सहा जून. पैसे उचलले त्यापेक्षा ही खोटी तारीख जास्त वाईट होती, हे तेव्हाच आतून कळत होतं. पण कुणी पासबुक मागत नव्हतं, आणि मी दाखवत नव्हते.

जुलैच्या बैठकीला सिस्टर आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी पदरातून पाकीट काढलं. एप्रिलमध्ये घराचे कवेलू फेरायला त्यांनी गटाकडून दहा हजार घेतले होते. मिस्त्रीचा, मजुरांचा सगळा हिशेब चुकता केल्यावर त्यांच्याकडे पाचशेचा मेळ बसेना. चारदा मोजलं. मग लक्षात आलं, मीच त्यांना एक नोट जास्त दिली होती. मला त्या महिन्यात पाचशे कमी पडले होते आणि मी मुकाट्याने घरखर्चातून भरले होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सिस्टरनी सगळ्यांसमोर पाचशे आणि वर तीन महिन्यांचं व्याज तीस रुपये ठेवले. पाचशे तीस!

सगळ्याजणी ‘अगं बाई’ करत राहिल्या. एक म्हणाली, “सिस्टर, कोणाले मालूमच नोहतं, ठेवून घेतले असते तरी चाललं असतं नं जी!” सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “तुमच्यासाठी कुठं आणलं बेटा? रविवारी चर्चात प्रभुभोजन आहे. हिशेब बाकी ठेवून कसं बसू?”

मी खाली मान घालून रजिस्टरमध्ये आकडे लिहीत होते. त्यांच्या पाचशे तीसच्या पानाआधीचं पान माझ्या सहा जूनचं होतं.

प्रभुभोजन म्हणजे काय हे मी नंतर त्यांना विचारलं. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस देतात. त्याआधी प्रत्येकाने स्वतःला तपासायचं असतं. पाद्रीसाहेब तपासत नाहीत, आपलं आपण. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे, ते त्यांनी मला दिलं वाचायला. त्यात एक सांगणं असं आहे की वेदीजवळ अर्पण घेऊन गेलात आणि तिथे आठवलं की कुणाचं तरी आपल्याविषयी मन दुखावलेलं आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. मला हे फार थेट वाटलं. आपल्याकडेही संतांनी मन शुद्ध नसेल तर तीर्थाला जाऊन काय उपयोग असं बजावलंच आहे. आपण ते कीर्तनात ऐकतो आणि प्रसाद घेऊन घरी येतो, ती गोष्ट वेगळी. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू घरी आल्यावर तो नुसतं ‘चुकलो’ म्हणत नाही. ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन म्हणतो. म्हणजे पश्चात्तापालाही हिशेब असतो!

हेच प्रवचन वाचून टिळक बदलले. आणि ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या रुळांवरून गेलेली आहे हे किती जणींना माहीत आहे? टिळक तेव्हा नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटींकडे काम करून पुढे राजनांदगावला नोकरीसाठी चालले होते, १८९३ साली. नागपूर ते राजनांदगाव म्हणजे आपली वरठीवरून, तुमसर रोडवरून, गोंदियावरून जाणारी लाईन. गोंदिया तर १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. त्या गाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. त्या काळात गोऱ्या माणसाच्या डब्यात देशी माणसाचं काय स्वागत व्हायचं ते इतिहासात वाचलंय आपण. हा माणूस मात्र सौजन्याने बोलला, संस्कृत काव्याबद्दल बोलला, आणि उतरताना नव्या कराराची प्रत देऊन वाचा म्हणाला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मी वरठीला गाडीची वाट बघत बसले की मला तो प्रवासी आठवतो. त्याने उर्मटपणे पाय पसरले असते तर टिळकांनी ते पुस्तक उघडलं तरी असतं का?

पण मला जास्त मोठ्या वाटतात लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाला, घरदार तुटलं, लोकांनी बोल लावले. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, पंढरपुरात राहिल्या, पुढे नवऱ्याकडे परत गेल्या तरी धर्म लगेच बदलला नाही. नवरा गेला म्हणून मी जाते, असं त्यांनी केलं नाही. स्वतःला पटायला त्यांना पाच वर्षं लागली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनात एक आणि देखाव्याला दुसरं हे त्यांना जमलंच नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. आणि सगळं झाल्यावर पुस्तक लिहिताना त्यांनी नवऱ्याचा तापटपणा झाकला नाही, हातात पैसा टिकत नसे हे झाकलं नाही, स्वतःचा सोवळ्याचा हट्ट नि स्वतःची फजितीसुद्धा झाकली नाही. रेव्हरंडांची बायको म्हणून गुळगुळीत चरित्र लिहिता आलं असतं. आजही चर्चमध्ये, देवळात, संस्थांत मोठ्या माणसांची अशी गुळगुळीत चरित्रं किती वाचतो आपण! लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक दोषांसकट आहेत म्हणूनच १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहायला लागले, हे आपल्याला खरं वाटतं.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदासदन काढलं. त्या स्वतः ख्रिस्ती, सदनातल्या मुली हिंदू. रमाबाई प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे. कुणाला येऊन बसायचं तर मनाई नव्हती. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात एवढं वादळ झालं की सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. दार लोटून घेतलं असतं तर मदत, मान सगळं टिकलं असतं. बाईंनी दार लोटलं नाही. पालकांचा रागही मला समजतो, त्यांनी पोरी विश्वासाने पाठवल्या होत्या. पण लपवाछपवी केली असा आरोप मला तरी रमाबाईंवर करवत नाही. आणि याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली-बायांना उचलून घेऊन गेल्या. भंडारा तेव्हा मध्य प्रांतातच होता.

सिस्टरना मी एकदा म्हटलं, तुम्ही फार काटेकोर बाई. त्या म्हणाल्या, “आम्ही गावात बोटावर मोजण्याएवढी घरं. तुमच्यातल्या एकीनं पैसे खाल्ले तर ती एकटी खराब. माझ्याकडून झालं तर लोक म्हणतील, ख्रिस्ती लोक असेच.” हे ऐकून वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. पुढे म्हणाल्या, “पण त्याच्यासाठी नाही करत मी. लोक नसते तरी देव आहेच नं.”

आता माझं. जुलैच्या त्या बैठकीनंतर महिनाभर मला धड झोप नव्हती. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “भरलेस ना पैसे? मग उगाच कशाला तोंड काळं करून घेतेस?” त्यांचंही चुकीचं नव्हतं. भंडाऱ्यासारख्या गावात बातमी खांब तलावाला वळसा घालून संध्याकाळपर्यंत घरी परत येते. मी सामाजिक काम करते, बायकांना हिशेब ठेवायला शिकवते, माझं नाव गेलं तर काम गेलं. एकदा वाटलं, रजिस्टरचं पानच बदलावं. त्या रात्री ‘स्मृतिचित्रे’ काढलं आणि कुठलंही पान उघडून वाचत बसले. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती एवढी हसत सांगतात की आपल्यालाच आपल्या नावाची एवढी काळजी कशाला, असं होतं.

ऑगस्टच्या पाच तारखेला मी पासबुक घेऊन गेले आणि तारीख वाचून दाखवली. किती घेतले, का घेतले, रजिस्टरमध्ये काय लिहिलं, सगळं. एक महिन्याचं व्याज पन्नास रुपये पुढे ठेवले. मला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या ताई. कुणी म्हणालं नाही. आमच्यातली एक रोवणीच्या मजुरीला जाते. ती म्हणाली, “मी दिवसभर चिखलात वाकून शंभर रुपये आणून देतो जी. सिस्टरनं सांगतलं नसतं तं तुमी सांगतलं असतं का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

ठराव झाला. सचिवपद वर्षअखेरपर्यंत माझ्याकडे राहिलं, पण पैसे हाताळणं गेलं. बँकेत दोघींनी मिळून जायचं, आणि पासबुक दर बैठकीत मोठ्याने वाचायचं. सिस्टर त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना फक्त माझ्या हातातलं रजिस्टर घेऊन पिशवीत ठेवलं आणि घरापर्यंत सोबत आल्या.

रोवणीवाली तीन महिने माझ्याशी बोलली नाही. समोरून आली की पदर सावरून दुसऱ्या बाजूने जायची. दिवाळीनंतर, धान कापणीच्या वेळी, तिला नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज पाहिजे होतं. अर्ज लिहायला ती माझ्याकडे आली. लिहून झाल्यावर म्हणाली, “आता वाचून दाखवा. सगळा.” मी वाचला. तिने अंगठा लावला.