अलाबामाची परंपरा आणि तिला घडवणारी मुले

अमेरिकेच्या दक्षिणेत विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला जे स्थान आहे, त्याची कल्पना आपल्याकडच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धांवरून येणार नाही. अलाबामा विद्यापीठाच्या टस्कलूसा येथील स्टेडियममध्ये एक लाख प्रेक्षक बसतात. १९२६ साली रोझ बोल या प्रतिष्ठेच्या सामन्यात या संघाने वॉशिंग्टन विद्यापीठाला २०-१९ असे हरवले, तेव्हापासून साऱ्या दक्षिणेचा अभिमान त्याच्याशी जोडला गेला. पुढे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि छबीचे पैसे घेता येऊ लागले, संघ बदलणेही सोपे झाले आणि या पैशापुढे परंपरा टिकणार नाही, अशी हळहळ सुरू झाली. ही हळहळ प्रामाणिक असली तरी इतिहासाला धरून नाही. अलाबामाची परंपरा दर पिढीत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या भरतीतून घडली आहे, आणि भरतीची रीत बदलली तेव्हा परंपराही बदलली आहे.

ब्रायंट यांच्या काळाचाच दाखला घेऊ. १९६१, १९६४ आणि १९६५ चे त्यांचे विजेते संघ संपूर्ण गोऱ्या खेळाडूंचे होते, आणि त्या काळी तीच तिथली परंपरा होती. १९६९ आणि १९७० या दोन्ही हंगामांत मात्र संघाला सहा-सहाच सामने जिंकता आले. सप्टेंबर १९७० मध्ये बर्मिंगहॅमला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अलाबामाला ४२-२१ असे हरवले. त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू सॅम कनिंगहॅम याने त्या दिवशी १३५ यार्ड धाव घेतली. या एका पराभवाने अलाबामाचे डोळे उघडले, असे सांगितले जाते. पण विल्बर जॅक्सन हा शिष्यवृत्तीवर घेतलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हा विद्यापीठात दाखल झालेला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, एवढेच. १९७१ मध्ये मोबील शहराचा जॉन मिचेल संघात आला आणि पुढच्याच वर्षी सहकर्णधार झाला. १९७३, १९७८ आणि १९७९ ची विजेतेपदे या नव्या भरतीनंतरची आहेत. जुन्या रीतीला कवटाळून बसले असते, तर आज मिरवायला निम्माच वारसा उरला असता.

यावर पहिला आक्षेप असा, की परंपरेच्या ओढीनेच तर मुले येतात. ओढ असते, हे खरे. स्टेडियम आणि देणगीदार हेही परंपरेचेच देणे. पण मुलांचा निर्णय मुख्यतः प्रशिक्षक कोण आणि व्यावसायिक लीगची वाट कुठून जाते, यावर ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये निक सेबन निवृत्त झाले. सहा विजेतेपदे मिळवून देणारा हा प्रशिक्षक जाताच केलेब डाउन्ससारखा गुणी खेळाडू ओहायो स्टेटला गेला, आणि त्या संघाने पुढच्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. २०२४ च्याच ऑक्टोबरमध्ये, १९८४ नंतर अलाबामाला कधीच न हरवलेल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या क्वार्टरबॅकच्या (आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूच्या) बळावर त्यांना ४०-३५ असे नमवले. त्या वेळी अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पैसा आला की निष्ठा जाते. पण पैसा तर आधीपासूनच होता. सेबन यांचे वार्षिक मानधन अखेरच्या वर्षांत एक कोटी डॉलरच्या वर होते. प्रक्षेपणाचे हक्क आणि तिकिटे यांतूनही अमाप उत्पन्न मिळत होते. वाटा नव्हता तो फक्त मैदानावर शरीर झिजवणाऱ्यांना. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. प्रशिक्षकाने मानधन घेतले म्हणून त्याच्या निष्ठेवर कोणी शंका घेतली नाही, मग खेळाडूकडेच त्यागाची अपेक्षा कशासाठी? दरवर्षी संघ बदलण्याने पदवी अर्धवट राहण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि परंपरेच्या रक्षकांनी आपली ताकद तिथे लावायला हवी. करार स्पष्ट असावेत, दुखापतीनंतरही शिक्षण चालू राहावे, संघ सोडणाऱ्यालाही पदवी पूर्ण करता यावी, यासाठी त्यांनी विद्यापीठाकडे आग्रह धरावा. उद्या अलाबामाचा अभिमान म्हणून ज्यांची नावे घेतली जातील, ती मुले आज भरतीच्या यादीत आहेत, आणि त्यांना न्याय्य वागणूक देणे हे परंपरेच्या जपणुकीचेच काम आहे.