माळ्यावरचे रीळ भंगारात देण्यापूर्वी

कोकणातल्या आपल्या घरांत आखातात नोकरी केलेले किंवा जहाजावर आयुष्य काढलेले कोणी ना कोणी वडीलधारे असतातच. त्यांनी परत येताना आणलेल्या सामानात कधी कधी मासे गरवायचे एखादे जड, चकचकीत रीळही असे. ते वडीलधारे आता थकले, काही अल्लाहला प्यारे झाले. रीळ मात्र माळ्यावर पडून राहिले. घर रंगवायला काढले की ते खाली येते आणि भंगारवाल्याच्या तराजूत जाते. आमचे सांगणे एवढेच, की तराजूत टाकण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहा. पन्नास वर्षांपूर्वीचे रीळ आजही किनाऱ्यावर काम देऊ शकते.

घड्याळजींच्या हातचे काम

किनाऱ्यावर उभे राहून लाटांच्या पलीकडे लांब गळ फेकण्याला इंग्रजीत सर्फकास्टिंग म्हणतात. त्यासाठी वापरली गेलेली नामांकित जुनी रिळे मुख्यतः तीन देशांतली. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ऑटो हेन्झे यांनी १९३२ मध्ये पेन कंपनी काढली. तिचे ‘स्क्विडर’ हे रीळ किनाऱ्यावरून फेकण्यासाठीच घडवलेले. स्वीडनची आबू ही १९२१ मध्ये सुरू झालेली कंपनी आधी घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनवी. दुसऱ्या महायुद्धात मीटरचा धंदा बसला, तेव्हा ती रिळांकडे वळली आणि पुढे तिचे ‘अँबेसेडर’ जगभर गेले. फ्रान्समधले क्लूझ हे तर घड्याळकारांचेच गाव. तिथल्या कार्पानो-पाँ कारखान्यातून ‘मिचेल’ रिळे आली.

घड्याळजी वस्तू बनवतो ती पुन्हा उघडता येईल अशी. या रिळांचेही तसेच आहे. चार-सहा स्क्रू काढले की आतले पितळी दाते, स्प्रिंग, वाशर सगळे समोर दिसते. झिजलेला भाग तेवढा बदलता येतो.

उघडायचे कसे?

आधी टेबलावर पांढरे कापड पसरा. काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमाने ओळीत ठेवा आणि टप्प्याटप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या. जुने ग्रीस गोंदासारखे घट्ट झालेले असते. ते रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने निघते. हे काम खिडकीजवळ आणि चुलीपासून दूर करावे. दात्यांना खाऱ्या पाण्यात टिकणारे ग्रीस पातळ लावा. बेअरिंगला पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो.

सगळ्यात जास्त लक्ष ड्रॅगकडे द्या. मोठा मासा ओढ घेतो तेव्हा दोरी तुटू न देता ती थोडी थोडी सोडणारी यंत्रणा म्हणजे ड्रॅग. तिच्यातले चामड्याचे किंवा फायबरचे वाशर वर्षानुवर्षे दाबून ठेवल्याने कडक होतात आणि दोरी झटक्याझटक्याने सुटते. त्यांच्या जागी आता कार्बनचे वाशर मिळतात. रीळ ठेवून देताना ड्रॅग नेहमी सैल करावा.

काही ठिकाणी मर्यादा ओळखावी. जुन्या पेनच्या काही रिळांची दोरी गुंडाळायची चकरी प्लॅस्टिकची असते. तिच्यावर नायलॉनचा तंगूस ताणून गुंडाळला की तो आवळत जातो आणि चकरी तडकते. धातूची चकरी असेल तर ती भीती नाही. मिचेलमध्ये दोरी धरणाऱ्या तारेची स्प्रिंग तुटण्याचा दोष जुना आहे. एक स्प्रिंग जादा ठेवावी. बाजूच्या तबकडीलाच चीर असेल, तर ते रीळ शोभेला ठेवा, मोठ्या माशामागे लावू नका.

फेकताना

मिचेलसारख्या रिळात चकरी स्थिर असते आणि दोरी वेटोळ्यांनी सुटते. मुलांना शिकवायला ते सोपे. स्क्विडर किंवा अँबेसेडरमध्ये फेकताना चकरीच फिरते. दोरी जाण्याच्या वेगापेक्षा चकरी जास्त वेगाने फिरली की क्षणात गुंता होतो. त्यावर उपाय म्हणजे अंगठा: चकरीवर हलकेच टेकवलेला, आणि शिसे पाण्याला लागताच घट्ट दाबलेला. ही अंगठ्याची जाण पुस्तकातून येत नाही. घरातल्या आजोबांच्या हातात ती असेल, तर ते आहेत तोवर शिकून घ्यावी. आधी गळ न लावता, नुसते शिसे बांधून मोकळ्या रेतीवर सराव करावा.

टोकाला जाड तंगुसाचा एक तुकडा जोडणे अत्यावश्यक आहे. दर औंस शिशामागे दहा पौंड ताकद हा त्याचा ठोकताळा. शंभर ग्रॅम शिसे, म्हणजे साडेतीन औंस, फेकायचे तर पस्तीस-चाळीस पौंडांचा तंगूस हवा. फेकताना दोरी तुटली तर शिसे गोळीसारखे जाते. म्हणून मागे-पुढे कोणी नाही हे पाहिल्याशिवाय रॉड उचलू नये.

चंद्राची तारीख

भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपला महिनाही चंद्रावरच. त्यामुळे हिजरी तारीख माहीत असली की समुद्राचा अंदाज घरबसल्या येतो. चंद्र दिसल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस आणि पंधरा-सोळा तारखेच्या आसपास उधाण असते. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसच्या सुमारास भांग असते. तेव्हा पाण्याची ओढ कमी आणि नवशिक्याला उभे राहणे सोपे. असरनंतर मगरिबपर्यंतची वेळ गरवायला चांगली, कारण उजेड उतरला की मासा कडेला चरायला येतो. पावसाळ्यात मात्र किनाऱ्यावर हा उद्योग नको.

समुद्रातली शिकार आपल्याला हलाल केली आहे, ती पोटासाठी. निव्वळ मौजेसाठी जीव मारणे दीनला मंजूर नाही. शिंगाळा मिळो की नशिबाने रावस, घराला पुरेल तेवढेच आणावे, लहान पिल्लू ओल्या हाताने पाण्यात परत सोडावे. तुटलेला तंगूस रेतीत टाकू नये. त्यात पक्षी आणि कासवे अडकतात.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, सावलीत सुकवून ठेवा. फवारा मारू नका, त्याने मीठ आत शिरते. पाच मिनिटांच्या या कामाने रीळ आणखी एक पिढी टिकते. इसराफ टाळा असे आपण मुलांना तोंडाने नेहमी सांगतो. पुढच्या सुट्टीत त्यांच्यासमोर ते रीळ उघडून बसा. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि आजोबांना शेजारी बसवा.