हाकेचं नाव, कागदावरचं नाव

कर्जत तालुक्यातल्या एखाद्या ठाकूरवाडीची किंवा कातकरवाडीची मतदार यादी उघडावी आणि साठी ओलांडलेल्या बायकांची नावं वाचत जावीत. बुधी, सोमी, जनी, काळी, बारकी. दोन अक्षरांची, फार तर तीन. त्यांच्या नातींची नावं मात्र ऐश्वर्या, प्रियांका, अश्विनी अशी ऐसपैस असतात. आता वाडी उतरून नेरळच्या किंवा कर्जत स्टेशनजवळच्या नव्या सोसायट्यांत यावं. तिथल्या बारशांत परी, चिऊ, साऊ, जिजा ही नावं ऐकू येतात, आणि ती लाडाची म्हणून नव्हे, तर जन्मदाखल्यावर घालायची म्हणून ठेवलेली असतात. वाडी लांब नावाकडे निघाली आहे आणि सोसायटी आखूड नावाकडे. गेली काही वर्षं खालापूर-कर्जतच्या वाड्यांमधल्या मुलींचे शाळेचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून देताना ही अदलाबदल माझ्या नजरेत भरत गेली. तिचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत नाव आखडलं की त्याचा शेवट बोलका होतो. यमुनेची यमू होते आणि यमीही होते. गोदावरीची गोदू, गंगेची गंगी. पांढरपेशा घरांत ‘ऊ’ला माया चिकटलेली असते, तर ‘ई’ला सलगी, आणि पुष्कळदा तुच्छता. रामाचा रामू आणि राम्या यांत जो फरक, तोच इथे. त्याच नावाला ‘बाई’ लागलं की मान येतो. संत जनाबाई आपल्या अभंगांत स्वतःला जनी म्हणवतात, ‘जनाबाई’ म्हणतो ते आपण. म्हणजे मराठीत नावाच्या शेपटावरून माणसाची पायरी कळत असे. वाड्यांवर ‘ई’त कमीपणा नव्हता. बुधवारी जन्मली ती बुधी, सोमवारची ती सोमी, धाकटी ती बारकी. हे कशाचं आखडलेलं रूप नव्हतंच, तेच पूर्ण नाव होतं. कमीपणा आला तो यादी लिहिणाऱ्याच्या कानातून. गावातल्या पाटलीणबाईंच्या नावापुढे ‘बाई’ लिहिणारा हात वाडीवरच्या जनीपाशी थांबला.

मग पांढरपेशांच्या लेकींना पूर्ण नावाचं सुख होतं का? कर्जतची लोकल ज्या कल्याणवरून येते, तिथलंच उदाहरण घेऊ. १८६५ साली कल्याणात जन्मलेल्या यमुनेला लग्नानंतर आनंदी हे नाव मिळालं, आणि आनंदीबाई जोशी या नावाने तिने १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई आनंदीबाई झाल्या, आणि ओळखल्या गेल्या त्या ‘बाया कर्वे’ म्हणून. तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव सासरचं. जुनं मोठं नाव पुसलं जाई आणि माहेरी उरे ती यमू, गोदू. पुसता न येणारं नाव म्हणजे हाकेचंच. आज कोणी आई लेकीला थेट ‘साऊ’ हेच नाव ठेवते, तेव्हा मला त्यात हाही एक धागा दिसतो. जे नाव टिकणार आहे तेच कागदावर जावं, असं तिला वाटतं.

पण कागद हाकेसारखा वागत नाही. हाक माणसाच्या वयाबरोबर बदलते. बारकी मोठी होते, तिला धाकटी भावंडं होतात, मग ती बारकीची ताई होते आणि पुढे आजी होते. कागदावर ती ऐंशीव्या वर्षीही बारकीच असते. घरात सहज पडलेलं नाव कागदावर किती जड होतं, याचा सर्वांत बोचरा दाखला साताऱ्याचा आहे. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना घरात ‘नकुशी’ म्हणत, आणि तेच शाळेच्या दाखल्यावर चढे. २०११च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचा जाहीर समारंभात नामकरण विधी झाला. तिथे नाव आखूड होतं हा प्रश्न नव्हता. दुसरं नाव निवडण्याची सोय मुलीला नव्हती, हा होता.

आपल्याकडच्या पुरुषांशी ताडून पाहा. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. सारा तालुका त्यांना भाई कोतवाल म्हणतो. पण भाईंना विठ्ठल हे नावही होतं. टोपणनाव लोकांनी मायेने वर ठेवलेलं, मूळ नाव खाली शाबूत. जनीला अशी दोन नावं नव्हती.

वाड्यांवर पुढे काय झालं तेही पाहिलं पाहिजे. आईबाप वीटभट्टीवर, मूल तिकडेच झालेलं, नोंद उशिरा किंवा नाहीच. शाळेत नाव घालताना गुरुजींना बुधी हे नाव ‘बरोबर’ वाटलं नाही, म्हणून पटावर सुनीता लागली. आधार कार्ड काढताना घरच्यांनी तोंडात होतं ते, म्हणजे बुधी, सांगितलं. दोन्ही नावं खरी आणि दोन्ही एकाच बाईची. पण जातीचा दाखला काढायला गेलं की त्या दोन बायका होतात. मी भरलेल्या अर्जांतले निम्मे हेलपाटे याच एका गाठीचे.

ही गाठ आता पुढच्या पिढीत उतरते आहे. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदावर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. निर्णय आनंदाचाच. पण आईचं नाव बुधी लिहायचं की सुनीता? आईच्या दोन कागदांतला मेळ आधी बसवला नाही, तर तिच्या वाट्याचे हेलपाटे लेकीच्या नावात जाऊन बसतात. शिवाय १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, वाहन परवाना, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. पूर्वी शाळेच्या पटावर नाव सुधारून घ्यायची एक पळवाट होती. तीही आता अरुंद झाली.

नावाची घाई कायद्याने कोणावर केलेली नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव कोरं ठेवून नोंद करता येते. कलम १४ त्यासाठीच आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव फुकट भरता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत किरकोळ विलंबशुल्क देऊन. उलट एकदा भरलेलं नाव चूक नसताना, केवळ मन बदललं म्हणून, बदलणं अवघड असतं. तेव्हा राजपत्राची वाट धरावी लागते. दवाखान्याच्या कागदावर ‘बेबी’ लिहिलं म्हणून ग्रामपंचायतीतही ‘बेबी’ लिहून देण्याची गरज नसते. अर्थात बेबी हे नाव हलकं असंही नाही. ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनावर बेबी कांबळे हेच नाव छापलेलं आहे आणि त्या नावाला आज वजन आहे. ते वजन त्यांच्या लिहिण्याने आलं.

म्हणून सोसायटीतली तरुण आई ‘चिऊ हेच पूर्ण नाव ठेवू का?’ असं विचारते, तेव्हा मी अक्षरं मोजत नाही. सई हे नाव दोनच अक्षरांचं, सखीपासून झिजत आलेलं. शिवाजी महाराजांच्या राणीला ते पुरलं आणि आजही पुरतं. मी एवढंच विचारते, की हे नाव साठीच्या बाईला हाक मारताना तुमच्या तोंडून निघेल का? ती वकील झाली तर पाटीवर शोभेल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल ठेवा. शंका असेल तर कागदावर मोठं नाव द्या आणि चिऊ घरात राहू द्या. दोन नावं असलेल्या मुलीला पुढे निवड करता येते.

वाडीवरच्या आईला मात्र मी वेगळं सांगते. बुधी हे नाव लपवायचं नाही आणि ते सुधारायलाही नको. तुमच्या लेकीचं नाव ऐश्वर्या ठेवा नाहीतर बुधी ठेवा, पण ग्रामपंचायत, अंगणवाडी, आधार आणि शाळा या चारही ठिकाणी काना-मात्रेसकट एकच लिहून घ्या. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा ५७ माणसं बेपत्ताच होती. घर, भांडीकुंडी, पेटीतले कागद सगळं मातीखाली जातं, तेव्हा माणूस होता याची खूण सरकारी वहीतल्या नावातच उरते. ते नाव दोन अक्षरांचं असलं तरी चालेल. ज्या नावाला ती ‘ओ’ देत होती, तेच ते असावं.