‘मॅमथ’ म्हणजे अवाढव्य? मूळ शब्दात आकाराचा उल्लेखच नाही!

‘मॅमथ टास्क’, ‘मॅमथ बजेट’, ‘मॅमथ रॅली’. इंग्रजी बातम्यांतून हा शब्द आता आपल्याही बोलण्यात आलाय. मॅमथ म्हणजे अवाढव्य, एवढं आपण धरून चालतो. पण हा शब्द जिथे जन्मला, तिथे त्याच्या अर्थात ‘मोठं’ असं काहीच नव्हतं.

सुरुवात सायबेरियात होते. उरल पर्वताच्या पूर्वेला, ओब नदीच्या खोऱ्यात मान्सी नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेतल्या ‘जमिनीचं शिंग’ अशा अर्थाच्या शब्दावरून रशियन भाषेत ‘मामोंत’ आला, ही व्युत्पत्ती सध्या सर्वाधिक मान्य आहे. (काही जुन्या पुस्तकांत तातारी भाषेतल्या ‘मामा’ म्हणजे जमीन या शब्दाचा दाखला दिसतो. तो आता फारसा कुणी मानत नाही.)

पण शिंग कसलं? सायबेरियाची जमीन बारा महिने गोठलेली. उन्हाळ्यात नदीचा काठ ढासळला की आतून लांबलचक, वळलेले सुळे बाहेर यायचे. जिवंत प्राणी कुणाच्या बापजाद्यांनीही पाहिलेला नव्हता. मग लोकांनी आपल्या परीनं उत्तर शोधलं: हा घुशीसारखा जमिनीखाली बोगदे करत फिरणारा प्राणी असणार आणि हवा-उजेड लागताच तो मरत असणार. म्हणून तर तो कायम मेलेलाच सापडतो! हातात जेवढा पुरावा होता, त्यावरून काढलेला हा निष्कर्ष मला तरी वेडगळ वाटत नाही.

रशियातल्या इंग्रज वकिलातीबरोबर गेलेल्या रिचर्ड जेम्स या धर्मगुरूनं १६१८-१९च्या सुमारास हा शब्द आपल्या टिपणांत उतरवला. पुढे पीटर द ग्रेटचा दूत म्हणून चीनला गेलेल्या ईडेसनं प्रवासवर्णनात या ‘जमिनीखालच्या प्राण्या’ची गोष्ट सांगितली आणि १७०६ साली ते पुस्तक इंग्रजीत आलं. युरोपभर फिरता फिरता ‘मामोंत’मधला ‘न’ गळला आणि शेवटी ‘थ’ चिकटला.

१७९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज कुविए यानं दात आणि जबडे तपासून दाखवलं की मॅमथ हा आजच्या आशियाई किंवा आफ्रिकी हत्तींपैकी नाही, तो वेगळाच आणि नामशेष झालेला प्राणी आहे. त्या काळी हे पचायला जड होतं. देवानं निर्माण केलेली अख्खी जात पुसली कशी जाईल?

असाच प्रश्न पडलेला एक माणूस म्हणजे थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. अमेरिकेतले प्राणी युरोपातल्यांपेक्षा खुजे असतात, असं फ्रेंच निसर्गतज्ज्ञ ब्युफाँ यांचं म्हणणं होतं. त्याला जेफरसन यांचं उत्तर होतं अमेरिकेत सापडलेली प्रचंड हाडं. हा ‘मॅमथ’ खंडाच्या उत्तरेला कुठेतरी अजून जिवंत असेल, असं त्यांना वाटायचं. १८०१ मध्ये चार्ल्स विल्सन पील यांनी न्यूयॉर्क राज्यात अशा प्राण्याचा सांगाडा खणून काढला, फिलाडेल्फियात मांडला आणि तिकीट लावलं. लोकांची झुंबड उडाली.

आणि मग आलं चीज. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या जेफरसनसमर्थकांनी गावभरचं दूध गोळा करून १,२३५ पौंडांचं, म्हणजे सुमारे ५६० किलोचं चीज बनवलं आणि १ जानेवारी १८०२ रोजी ते राष्ट्राध्यक्षांना भेट दिलं. विरोधी फेडरलिस्ट पक्षवाल्यांच्या गायींचं दूध त्यात घेतलं नव्हतं म्हणे! जेफरसन यांच्या हाडांच्या वेडाची आधीच टर उडवणाऱ्या विरोधकांनी याला ‘मॅमथ चीज’ म्हणून हिणवलं. समर्थकांनी मात्र तोच शब्द मिरवायला घेतला. आजच्या भाषेत, ट्रोलिंगचा ट्रेंड झाला. लगेच ‘मॅमथ’ ब्रेड निघाला, आणखी काय काय निघालं. केंटकीतल्या जगातल्या सर्वांत लांब गुहेचं नाव ‘मॅमथ केव्ह’ आहे. तेही आकारामुळेच, तिथे मॅमथची हाडं सापडली म्हणून नाही.

खरी गोम इथे आहे. पील यांनी खणून काढलेला सांगाडा मॅमथचा नव्हताच. तो होता मॅस्टोडॉन, हत्तींचा दूरचा नातलग. दातांवरून फरक कळतो: मॅमथची दाढ किसणीसारखी, कड्याकड्यांची, तर मॅस्टोडॉनच्या दाढेवर उंचवटे असतात. आणि सायबेरियातला केसाळ मॅमथ? खांद्यापाशी त्याची उंची साधारण ३ मीटर, म्हणजे आजच्या आफ्रिकी हत्तीएवढीच. मॅमथच्या इतर काही जाती त्याहून मोठ्या होत्या, पण शब्द ज्याच्या सुळ्यांवरून आला तो हाच.

हत्तीच्या कुळातून आलेला असा आणखी एक शब्द आपण सर्रास वापरतो: जंबो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला या नावाचा आफ्रिकी हत्ती १८८२ मध्ये अमेरिकी सर्कसवाला पी. टी. बार्नम यानं विकत घेतला आणि त्याची एवढी जाहिरात केली की नावाचं विशेषण झालं. २०२० मध्ये पुण्या-मुंबईत उभी राहिलेली ‘जंबो कोविड सेंटर’ आठवतायत ना? ते नाव या हत्तीचं.