रूप पालटले की पदार्थच बदलला?

भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद आपल्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी असते. हळकुंड दळले की पूड होते. आकार बदलतो, पण हळद हळदच राहते. हा भौतिक बदल. त्याच हळदीला चुना लागला की ती लाल होते. चुना आम्लारिधर्मी असल्याने हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याची रेणुरचना पालटते. हा रासायनिक बदल. वरणाचा डाग साबण लागताच लालसर होतो, तोही याचमुळे.

त्या लाल डागावर लिंबू पिळल्यास तो पुन्हा पिवळा होतो. त्यामुळे 'पूर्ववत होतो तो भौतिक बदल' हा शाळेतला ठोकताळा प्रत्येक वेळी पुरा पडत नाही. नवा पदार्थ तयार झाला का, हीच खरी कसोटी.

ज्येष्ठांच्या औषधांबाबत ही कसोटी फार मोलाची ठरते. थंडीत गोठलेले खोबरेल उन्हात वितळते. त्याचे काही बिघडत नाही. ॲस्पिरिनचे तसे नाही. हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना ही गोळी रोज घ्यावी लागते. पट्टीतून काढून डबीत भरून ठेवलेल्या गोळ्यांना दमट हवा लागली, तर ॲस्पिरिनचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार होते. व्हिनेगरसारखा आंबूस वास ही त्याची खूण. गोळी दिसायला पूर्वीसारखीच असली, तरी ती घेऊ नये. नवी पट्टी आणावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

इन्सुलिनबाबत अधिक सावध राहावे. गोठणे हा एरवी भौतिक बदल. परंतु इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोठल्याने त्याच्या रेणूंचे पुंजके होऊन गुण कमी होऊ शकतो आणि वितळल्यावर तो परत येत नाही. म्हणून गोठून वितळलेली कुपी नितळ दिसली तरी वापरू नये. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी.

वृद्धांची नजर अधू होते, वासही नीट येत नाही. त्यामुळे औषधांची तपासणी घरातील धडधाकट व्यक्तीने करावी. गोळ्या मूळ पट्टीतच, न्हाणीघर व गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवाव्यात. रंग, वास किंवा पोत वेगळा वाटला, तर ती गोळी देण्यापूर्वी औषध विक्रेत्याला अथवा आपल्या डॉक्टरांना अवश्य दाखवावी.