सर्व्हर सांभाळणाऱ्याची वही

गारखेड्यातल्या एखाद्या कॉलेजची संगणक लॅब डोळ्यांसमोर आणा. दुपारची बॅच पायथॉनच्या प्रॅक्टिकलला बसली आहे. ब्राउझर चाळीस संगणकांवर उघडा आहे, पण प्रोग्राम चालतात ते कोपऱ्यातल्या एकाच सर्व्हरवर. कुणीतरी भलीमोठी फाईल उघडतो आणि बाकीच्यांच्या स्क्रीनवरही ‘कर्नल’, म्हणजे प्रोग्राम चालवणारा भाग, बंद पडल्याची पाटी झळकू लागते. सर्व्हर बसवणारे सर केव्हाच दुसऱ्या गावी नोकरीला गेले. मागे उरला एक कागद. त्यावर पाच कमांड आणि त्यातल्या दोन खोडलेल्या.

या व्यवस्थेचं नाव ज्युपिटरहब. फर्नांडो पेरेझ यांनी 2001 मध्ये ‘आयपायथॉन’ सुरू केलं आणि 2014 मध्ये त्यातूनच ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला. ज्युपिटरच्या नोटबुकमध्ये मजकूर, प्रोग्राम आणि आलेख एकाच पानावर येतात. हब ही नोटबुकं एका सर्व्हरवरून अनेकांना पुरवतो, प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवून. बर्कली विद्यापीठातला ‘डेटा 8’ हा प्रचंड विद्यार्थिसंख्येचा अभ्यासक्रम असाच चालतो. लहान वर्गांसाठी 2018 मध्ये ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’ आला. उबंटू टाकलेला एकच संगणक आणि साधारण शंभरापर्यंत विद्यार्थी, एवढा त्याचा आवाका.

तो बसवणं सोपं आहे. कस लागतो तो वर्षभर सांभाळताना.

मेमरीचंच घ्या. एका वेळी बसणारे विद्यार्थी गुणिले प्रत्येकाची मेमरी, अधिक 128 एमबी, असं साधं सूत्र या हबच्या मार्गदर्शिकेत दिलेलं आहे. चाळीस जणांना एकेक जीबी द्यायची तर चाळीस जीबीहून थोडी जास्त लागते. आता कागदावर फक्त ‘मेमरीची मर्यादा 1 जीबी करा’ एवढंच लिहिलं असेल, तर नवा माणूस कमांड देतो आणि काहीच बदलत नाही. कारण मर्यादा लिहिल्यावर हब ‘रीलोड’ करावा लागतो आणि आधीपासून चालू असलेली नोटबुकं बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच ती लागू होते. ही दोन वाक्यं नसली की अख्खी दुपार वाया जाते.

असे खाचखळगे आणखी आहेत. नेहमीच्या मांडणीत नव्या खात्यावर पहिल्यांदा टाकलेला पासवर्डच कायम होतो. त्यामुळे ॲडमिनने लगेच लॉग-इन करायला हवं. ॲडमिनच्या पानावरून विद्यार्थ्याचं नाव काढलं तरी त्याचं फोल्डर डिस्कवर तसंच राहतं. दोन-तीन बॅचनंतर डिस्क भरते ती अशी. दहा मिनिटं काही हालचाल नसेल तर हब नोटबुक स्वतःहून बंद करतो, हे ठाऊक नसलेला शिक्षक बिघाड शोधत बसतो.

मग नीट माहिती लिहायची कशी? लेखक-प्रोग्रामर डॅनिएले प्रोसिडा यांनी तिचे चार भाग पाडले: शिकवणारा पाठ, ठरावीक कामाची कृती, संदर्भासाठी यादी आणि कारणं सांगणारं विवेचन. लिटलेस्ट ज्युपिटरहबची मार्गदर्शिकाही साधारण याच धर्तीवर विभागलेली आहे. रात्री सर्व्हर बंद पडला की माणूस कृती शोधतो. त्या वेळी त्याला इतिहास नको असतो.

महाराष्ट्रात या कामाचा चांगला धडा आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने घालून दिला आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या त्यांच्या छोट्या ध्वनिचित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. आवाज मराठी असला तरी पडद्यावरची बटणं इंग्रजीच राहतात, कारण विद्यार्थ्याला समोर तीच दिसणार असतात. शिवाय पाठाची संहिता विषयाच्या तज्ज्ञाकडून तपासली जाते, तशीच त्या सॉफ्टवेअरला कधी हात न लावलेल्या नवख्याकडूनही.

लॅबमध्येही नवख्याकडून अशी तपासणी सहज जमण्यासारखी आहे. सत्र सुरू होण्याआधी एखाद्या जुन्या संगणकावर रिकामं उबंटू टाकावं आणि नव्या लॅब असिस्टंटच्या हाती सर्व्हरच्या माहितीची वही द्यावी. जुन्या माणसाने शेजारी बसावं, पण कीबोर्डला हात लावू नये. नवा माणूस जिथे थांबेल, तिथे खूण करावी. वहीत प्रत्येक कमांडपाशी चार गोष्टी हव्यात: ती कशासाठी, चालली हे कसं ओळखायचं, उलटवायची कशी आणि शेवटची कुणी, कोणत्या तारखेला तपासली. पासवर्ड मात्र वहीत लिहू नयेत. ते कुणाकडे आहेत एवढंच लिहावं.

वहीतल्या सुधारणा गावाबाहेरही जाऊ शकतात. हबची मार्गदर्शिका मुक्त आहे, तिच्यातलं चुकलेलं वाक्य कुणीही दुरुस्त करून पाठवू शकतो.