भाड्याचं घर (लेखांक ५) : ‘सगळं धरून’ किती?

गेल्या आठवड्यात डिपॉझिटचा हिशेब पाहिला. आता दरमहा जाणाऱ्या पैशांकडे येऊ.

पुण्यात सदाशिव-नारायण पेठेतल्या ‘कॉट बेसिस’च्या पाट्या असोत, नाहीतर कर्वेनगरातल्या वन-आरकेच्या जाहिराती, पुष्कळ ठिकाणी खाली एक ओळ असते : लाइटबिल, पाणी, वायफाय धरून. परीक्षेच्या अभ्यासाला किंवा पहिल्या नोकरीला आलेल्यांना ते बरं वाटतं, कारण महिन्याला एकच आकडा सांभाळायचा. पण मालक वीज पदरमोड करून देत नाही. तो वर्षाचा अंदाज बांधतो, थोडा चढाच धरतो आणि भाड्यात मिळवतो. त्यामुळे असं घर परवडतं का, हे नुसत्या भाड्यावरून ठरत नाही. वापर वाढला किंवा दर चढले, तर वरचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हे आधी विचारायचं.

सगळ्यात जास्त घोळ विजेचा. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो : १०० युनिटांपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. पहिला टप्पा स्वस्त, दुसऱ्यापासून दर झपाट्यानं वाढतो. आता एका मजल्यावर चार खोल्या आहेत, मीटर मात्र एकच आहे असं समजा. प्रत्येक खोलीचा वापर ९० युनिट. चार मीटर असते तर चौघंही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एका मीटरवर बेरीज ३६० होते : १०० युनिटं स्वस्त दरानं, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली ६० तिसऱ्या. स्थिर आकार चारदा न लागता एकदाच लागतो हे खरं, पण तेवढ्यानं ही वाढ भरून निघत नाही. वीज जपून वापरणाराही इथे महागड्या टप्प्याचा भार उचलतो. मालकानं सबमीटर बसवून ‘युनिटला अमुक रुपये’ सांगितले, तर तो दर कसा काढला ते विचारा.

बोलणी करण्याआधी एक चालू बिल पाहायला मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यात एप्रिल-मेचे आकडे नीट पाहा. दिवसभर ऑफिसात आणि शनिवार-रविवार गावी जाणाऱ्या एकट्याला ‘धरून’चं भाडं बहुधा महाग पडतं. घरून काम करणाऱ्याला ते सोयीचं पडतं. म्हणूनच मालक ‘एसी, हीटर चालणार नाही’ अशी अट घालतात.

पाण्याचं गणित उन्हाळ्यात बदलतं. बाणेर, वाकड, वाघोलीकडच्या अनेक सोसायट्या टँकर मागवतात आणि ती वर्गणी मेंटेनन्सवर चढते. ती भाड्यात आहे की वेगळी, हे आधीच ठरवून घ्या. फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘सोसायटी भाडेकरूंकडून दुप्पट मेंटेनन्स घेते’ असं कोणी सांगितलं, तर सोसायटीची पावती मागा. पाइप गॅसचं बिल मात्र बहुधा वेगळंच असतं. घर सोडताना शेवटचं बिल आलेलं नसतं, आणि ते डिपॉझिटमधून कापलं जातं.

दोन घरांची तुलना करताना दोन्हींचा बारा महिन्यांचा सगळा खर्च मांडा आणि बारानं भागा. मग करारात असं कलम घालून घ्या :

‘भाड्यात दरमहा १५० युनिटांपर्यंत वीज, पाणी, सोसायटीचा देखभाल खर्च व इंटरनेट यांचा समावेश आहे. त्यापुढील युनिटांची आकारणी महावितरणच्या बिलाप्रमाणे होईल.’

मर्यादा रुपयांत न घालता युनिटांत घाला. रुपयांत घातली, तर वीजदर वाढल्यावर त्याच पैशांत कमी वीज मिळते आणि वाढीचा बोजा तुमच्यावर येतो. युनिटांत घातली, तर मर्यादेच्या आतल्या वापरापुरती दरवाढ मालक सोसतो. घासाघीस भाड्यावर करण्याइतकीच या आकड्यावर करा. पुष्कळदा भाड्यात न सुटणारे पैसे इथे सुटतात.

पुढच्या आठवड्यात : अकरा महिन्यांचा करार. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं त्याच्या नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती टाळली तर काय होतं, ते पाहू.